सुप्त क्षयसंसर्गाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आल्यानंतर: ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीचा अनुभव

अमेरिकी सरकार दर महिन्याला काढते त्या व्हिसा बुलेटिनच्या ऑक्टोबर २०२५ च्या अंकात अर्ज भरण्याच्या तारखा पुढे सरकल्या आणि २०१३ सालची प्रायॉरिटी डेट (रांगेतला क्रम ठरवणारी तारीख) असलेल्या आमच्या कुटुंबाला आय-४८५ हा ग्रीन कार्डचा, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज दाखल करण्याची संधी मिळाली. अर्ज माझ्या नवऱ्याच्या नोकरीवर आधारलेला असला, तरी वैद्यकीय तपासणी प्रत्येक अर्जदाराची स्वतंत्र होते. या तपासणीत क्षयरोगाच्या संसर्गासाठी केलेली माझी रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. मला खोकला नव्हता, ताप नव्हता, वजन घटले नव्हते, आणि तरीही अहवालावरच्या त्या एका शब्दाने घरातले वातावरण बदलून गेले. त्या आठवड्यात मराठीतून सविस्तर, तारीखवार लिहिलेला अनुभव वाचायला मिळाला असता, तर मला फार आधार वाटला असता. मी डॉक्टर नाही. माझ्या बाबतीत जे घडले, जे डॉक्टरांनी समजावले आणि जे कागदोपत्री करावे लागले, तेवढेच येथे लिहीत आहे.

ही तपासणी कोणत्याही डॉक्टरांकडे करून चालत नाही. यूएससीआयएस या अमेरिकी स्थलांतर खात्याने नेमलेले डॉक्टर, ज्यांना सिव्हिल सर्जन म्हणतात, तेच आय-६९३ हा वैद्यकीय तपासणीचा नमुना (फॉर्म) भरून, सही करून बंद लिफाफ्यात देऊ शकतात. त्यांची यादी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर झिप कोड टाकला की मिळते. शुल्क सरकार ठरवत नाही, त्यामुळे एकाच गावातल्या दोन दवाखान्यांत बराच फरक आढळतो. आम्ही राहतो त्या न्यू जर्सीच्या भागात मला सांगितलेले आकडे २५० ते ५०० डॉलरच्या दरम्यान होते. आम्ही निवडलेल्या दवाखान्याचे शुल्क माणशी ३५० डॉलर होते, आणि प्रयोगशाळेचे बिल त्याव्यतिरिक्त होते. फोनवर विचारायचे प्रश्न मी आधी लिहून ठेवले होते: शुल्कात रक्ततपासण्या धरल्या आहेत का, क्षयसंसर्गाची तपासणी पॉझिटिव्ह आल्यास छातीचा एक्स-रे कोठे काढायचा, त्याचा अहवाल कोण मागवणार, आणि त्यानंतरच्या भेटीचे वेगळे पैसे पडतात का. शेवटचा प्रश्न आपल्याला लागू होईल असे त्या वेळी वाटले नव्हते, पण भारतात वाढलेल्या प्रत्येकाने तो विचारावा, असे मी आता सर्वांना सांगते.

वेळेचा ताण खरा होता. २ डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ हा आय-४८५ बरोबरच जोडावा लागतो. पूर्वी अर्ज आधी पाठवून वैद्यकीय अहवाल नंतर देता येत असे, ती सोय आता राहिलेली नाही. त्यामुळे वैद्यकीय तपासणी जितके दिवस अडेल, तितके दिवस अर्जही अडतो, आणि पुढच्या महिन्याच्या बुलेटिनमध्ये तारखा मागे सरकल्या तर काय, ही भीती मनातून जात नाही.

आमची भेट ९ ऑक्टोबरला ठरली. पासपोर्ट, लसीकरणाच्या नोंदी आणि नमुन्याचा अर्जदाराने भरायचा भाग बरोबर नेला. अर्जदाराची सही डॉक्टरांसमोरच करायची असते, म्हणून ती जागा कोरी ठेवली होती. लसींबद्दल फार लिहीत नाही. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला), कांजिण्या, हिपॅटायटिस बी आणि त्या हंगामातली फ्लूची लस यांचे पुरावे तपासले गेले; कोविडच्या लसीची अट २२ जानेवारी २०२५ पासून काढून टाकण्यात आली आहे. एक क्रम मात्र महत्त्वाचा आहे. एमएमआर आणि कांजिण्यांच्या लसींत जिवंत, पण दुर्बल केलेले विषाणू असतात आणि त्या घेतल्यावर काही आठवडे क्षयसंसर्गाच्या रक्ततपासणीचा निकाल बिघडण्याची शक्यता असते. म्हणून रक्त त्याच दिवशी द्यावे किंवा लसीनंतर निदान चार आठवडे थांबावे, असा नियम आहे. आमच्या डॉक्टरांनी आधी रक्त घेतले आणि मग एमएमआरची सुई टोचली. लसी स्वतंत्रपणे औषधांच्या दुकानात घेणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा, कारण नव्याने चार आठवडे थांबणे कुणालाच परवडत नाही.

डॉक्टरांनी लक्षणांबद्दल बारकाईने विचारले: सतत खोकला, थुंकीतून रक्त, संध्याकाळी येणारा ताप, रात्रीचा घाम, कमी झालेली भूक किंवा वजन. घरात कुणाला क्षयरोग झाला होता का, हेही विचारले. माझ्या आजोबांना झाला होता. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते आणि आम्ही मिरजेला राहत होतो. आजोबांची औषधे कपाटाच्या वरच्या खणात असत, त्यांची ताटवाटी वेगळी होती आणि घरात त्या आजाराचे नाव कुणी घेत नसे, एवढेच मला आठवत होते. डॉक्टरांनी ते शांतपणे लिहून घेतले. ही माहिती सांगितल्याने अर्ज अडचणीत येईल अशी भीती काही जणांना वाटते. प्रत्यक्षात पुढे निकालाचा अर्थ लावताना तिचाच उपयोग झाला.

१४ ऑक्टोबरला संध्याकाळी प्रयोगशाळेच्या ॲपवर निकाल आला. नवऱ्याचा निगेटिव्ह, माझा पॉझिटिव्ह. तोही लाल अक्षरांत. डॉक्टरांचा दवाखाना तेव्हा बंद झाला होता, म्हणून ती रात्र मी अहवाल वाचण्यात घालवली. पॉझिटिव्ह या शब्दाखालच्या चार ओळींकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, पण निकालाचा खरा मजकूर त्या ओळींतच असतो, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

माझी तपासणी क्वांटिफेरॉन-टीबी गोल्ड प्लस या नावाची होती. टी-स्पॉट नावाची दुसरी एक तपासणीही प्रचलित आहे. तिच्यात पेशींचे ठिपके मोजतात आणि तिचे आकडे वेगळे असतात. क्वांटिफेरॉनसाठी रक्त चार नळ्यांत घेतात. एका नळीत काहीच घातलेले नसते. तिला निल म्हणतात आणि शरीरात आधीपासूनच किती गामा इंटरफेरॉन (जंतू ओळखल्यावर पेशी सोडतात ते प्रथिन) आहे हे ती सांगते. टीबी १ आणि टीबी २ या दोन नळ्यांत क्षयाच्या जंतूच्या ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या प्रथिनांचे तुकडे असतात. आपल्या पांढऱ्या पेशींना त्या जंतूची पूर्वओळख असेल, तर त्या गामा इंटरफेरॉन सोडतात. चौथ्या, मिटोजेनच्या नळीत कोणत्याही निरोगी माणसाच्या पेशींना उत्तर द्यायला लावणारे द्रव्य असते; तिचा आकडा चांगला आला म्हणजे रक्ताचा नमुना आणि पेशी दोन्ही ठीक होत्या. टीबी १ किंवा टीबी २ मधून निल वजा केल्यावर उत्तर ०.३५ किंवा त्याहून अधिक आले, आणि ते निलच्या किमान २५ टक्के असले, तर निकाल पॉझिटिव्ह धरतात. मात्र निलचा आकडाच ८ च्या वर असेल, तर निकाल अनिश्चित ठरतो.

माझे आकडे असे होते: निल ०.०६, टीबी १ वजा निल १.८४, टीबी २ वजा निल २.११, आणि मिटोजेन १० च्या वर. म्हणजे निकाल सीमारेषेवरचा नव्हता. ०.३५ च्या जरा वर आलेले आकडे पुन्हा तपासल्यावर खाली गेल्याची उदाहरणे आहेत, आणि संसर्गाचा धोका कमी असलेल्या माणसाच्या बाबतीत डॉक्टर कधीकधी दुसऱ्यांदा तपासणी करतात. माझ्या दोन्ही नळ्यांनी एकच उत्तर दिले होते आणि माझ्या लहानपणी घरात क्षयरोगी होता, तेव्हा पुन्हा रक्त देऊन वेगळे काही निघेल अशी आशा बाळगण्यात अर्थ नव्हता.

नातेवाइकांपैकी ज्यांना कळले त्यांनी हमखास एक दिलासा दिला: लहानपणी बीसीजी टोचली होती, म्हणून असे आले असेल. हातावर टोचून फुगवटा मोजण्याच्या जुन्या, मांटू तपासणीबद्दल ते खरे ठरू शकते. पण ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसतात, आणि याच कारणासाठी सिव्हिल सर्जनच्या तपासणीत ऑक्टोबर २०१८ पासून त्वचेच्या तपासणीऐवजी रक्ततपासणी बंधनकारक झाली. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या सर्व अर्जदारांना ती करावी लागते. क्षयाचे नसलेले, पण त्याच कुळातले काही मोजके जंतू या तपासणीत पॉझिटिव्ह निकाल देऊ शकतात; भारतात वाढलेल्या, घरात क्षयरोगी असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र सरळ अर्थ हाच की क्षयाचा जंतू कधीतरी शरीरात शिरला होता. जगातल्या सुमारे चौथा हिस्सा लोकांना असा संसर्ग होऊन गेला असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे वाचून माझी भीती गेली नाही, पण एकटेपणा कमी झाला.

ही तपासणी एका प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, आणि तो प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा असतो: जंतू निद्रिस्त आहेत की रोग चालू आहे? दोन्ही स्थितींत अहवाल पॉझिटिव्हच येतो. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असाही त्याचा अर्थ नाही. म्हणून पुढची पायरी छातीच्या एक्स-रेची असते आणि ती टाळता येत नाही.

त्या रात्री भारतात सकाळ झाल्यावर मी आईला फोन केला. ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, “अगं, हे कुणाला सांगू नकोस हं. मुलांच्या शाळेत तर मुळीच नको.” तिच्या आवाजातली भीती मला ओळखीची होती, आजोबांच्या वेगळ्या ताटवाटीमागे तीच भीती होती. मी तिला सांगितले की सुप्त संसर्ग, म्हणजे शरीरात जंतू निद्रिस्त पण रोग नाही अशी स्थिती, असलेल्या माणसापासून दुसऱ्याला लागण होत नाही, मुलांना जवळ घेण्यात, एकत्र जेवण्यात काहीही धोका नाही. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग आपणहून आजोबांची हकिकत सांगितली. त्यांना १९९१ मध्ये निदान झाले, वर्षभराहून अधिक काळ औषधे चालली, आणि सुरुवातीचे काही महिने निदान होण्यापूर्वी मी त्यांच्याच खोलीत झोपत असे. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच आमच्या घरात या विषयावर मोकळेपणाने बोलणे झाले. मी ते सारे तारखांसह लिहून घेतले.

१५ ऑक्टोबरला सकाळी सिव्हिल सर्जनच्या दवाखान्यातून फोन आला आणि एक्स-रेची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीवर कारण स्पष्ट लिहून घ्यावे: क्षयसंसर्गाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह, सक्रिय क्षयरोग नाही याची खात्री हवी. नुसते “छातीचा एक्स-रे” असे लिहिले, तर अहवालही त्रोटक येतो आणि डॉक्टरांना तो पुन्हा मागवावा लागतो. गर्भवती असल्यास, किंवा तशी शक्यता असल्यास, आधी सांगणे आवश्यक आहे. १७ ऑक्टोबरला एक्स-रे काढला. विम्याने तो मान्य केला नाही, कारण तपासणी स्थलांतराच्या कामासाठी होती. रोख भरल्यास ८५ डॉलर, असा दर केंद्राने दिला आणि मी तो भरला. रोखीचा दर आधीच विचारावा, तो बऱ्याचदा विम्याच्या नावाने निघणाऱ्या बिलापेक्षा कमी असतो.

अहवाल येईपर्यंत मध्ये शनिवार-रविवार होता आणि सोमवारी लक्ष्मीपूजन होते. फराळ केला, पणत्या लावल्या, मुलींना नवे कपडे घातले, पण खरे सांगायचे तर ती दिवाळी मी अर्ध्या लक्षानेच साजरी केली. प्रत्येक साध्या ठसक्याकडे लक्ष जात होते. मंगळवारी दुपारी अहवाल आला: फुप्फुसे स्वच्छ, पोकळी नाही, पाणी नाही, जुन्या व्रणाच्या खुणा नाहीत, क्षयरोग सुचवणारे काहीही नाही.

एक्स-रेत काही संशयास्पद आढळले असते, किंवा मला लक्षणे असती, तर मार्ग वेगळा झाला असता. तसे अर्जदार स्थानिक आरोग्य विभागाकडे पाठवले जातात, वेगवेगळ्या दिवशी थुंकीचे तीन नमुने द्यावे लागतात आणि त्यांचे कल्चर, म्हणजे नमुन्यात जंतू वाढतात का हे पाहण्याची तपासणी, पूर्ण होण्यास काही आठवडे जातात; तोपर्यंत आय-६९३ वर सही होत नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या एक्स-रेत फुप्फुसाच्या वरच्या टोकाला जुना व्रण दिसला होता आणि त्यांना हे सारे करावे लागले. अखेर त्यांचे सर्व नमुने निगेटिव्ह आले. त्यांचा काळ लांबला, पण अर्ज नाकारला गेला नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी थुंकीचे नमुने देण्यात एक दिवसही घालवू नये, कारण कल्चरचा काळ कुणालाच कमी करता येत नाही.

२२ ऑक्टोबरला डॉक्टरांनी मला समोर बसवून निकालाचा अर्थ सांगितला. रक्ततपासणी पॉझिटिव्ह, लक्षणे नाहीत, एक्स-रे स्वच्छ: या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याला सुप्त क्षयसंसर्ग म्हणतात. नमुन्यावर त्याची नोंद क्लास बी मध्ये होते. ग्रीन कार्ड अडवणारा वर्ग म्हणजे क्लास ए, आणि तो सक्रिय, सांसर्गिक क्षयरोगासाठी आहे. सुप्त संसर्गामुळे अर्जदार अपात्र ठरत नाही, आणि नमुन्यावर सही होण्यासाठी उपचार पूर्ण करण्याची अटही नाही. उपचार घ्यावेत अशी शिफारस मात्र असते, आणि सुप्त संसर्गाची माहिती स्थानिक आरोग्य विभागाला कळवणे सिव्हिल सर्जनवर बंधनकारक आहे. आरोग्य विभागाकडे नाव जाणार हे ऐकून मी दचकले होते. डॉक्टरांनी सांगितले की त्यामागे उपचार उपलब्ध करून देण्याचा उद्देश आहे, आणि पुढे तो अनुभव खराच आला.

नमुना तयार झाल्यावर लिफाफा बंद करण्यापूर्वी त्याची प्रत मागून घ्यावी. ही या संपूर्ण लेखातली सर्वांत उपयोगी सूचना आहे, असे मला वाटते. प्रत हातात आल्यावर क्षयरोगाचा भाग ओळीने वाचावा: तपासणीचे नाव, रक्त घेतल्याची तारीख, निकाल, एक्स-रेची तारीख, एक्स-रेचा निष्कर्ष आणि शेवटी वर्गीकरण. माझ्या प्रतीत एक्स-रेच्या तारखेची चौकट रिकामी राहिली होती. रक्ततपासणी पॉझिटिव्ह आणि एक्स-रेची नोंद अपुरी, असा नमुना गेला असता तर यूएससीआयएसकडून पुरावा मागणारे पत्र येण्याची आणि काही महिने जाण्याची शक्यता होती. मी ते दाखवले, दवाखान्याने तेव्हाच तारीख भरून डॉक्टरांकडून पाने पुन्हा तपासून घेतली आणि २८ ऑक्टोबरला दोन्ही लिफाफे आमच्या हाती दिले. लिफाफा आपण उघडायचा नसतो. उघडलेला लिफाफा स्वीकारला जात नाही. आमचे अर्ज ३० ऑक्टोबरला रवाना झाले. ११ जून २०२५ पासून लागू झालेल्या धोरणानुसार, ज्या अर्जासोबत हा नमुना दिला आहे तो अर्ज प्रलंबित असेपर्यंतच नमुना वैध असतो. अर्ज मागे घेतला किंवा नाकारला गेला, तर नव्या अर्जासाठी नवी तपासणी करावी लागते.

कागदपत्रांचे काम येथे संपले होते, आणि अनेक जण येथेच थांबतात. मीही थांबू शकले असते. ५ नोव्हेंबरला काउंटीच्या (स्थानिक आरोग्य विभागाच्या) चेस्ट क्लिनिकमधून एका परिचारिकेचा फोन आला. तिचा सूर इतका साधा होता की मनावरचा भार उतरला. १२ नोव्हेंबरला मी तेथे गेले. तेथील डॉक्टरांनी जी आकडेवारी सांगितली तिने माझा निर्णय झाला: उपचार न घेतल्यास सुप्त संसर्ग असलेल्या सुमारे ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी सक्रिय क्षयरोग होतो. संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत हा धोका सर्वांत अधिक असतो, आणि माझी ती वर्षे केव्हाच सरली होती. पण मधुमेहाने हा धोका वाढतो, आणि माझ्या आईला व मामांना मधुमेह आहे. पुढे कधी रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागली, तरी धोका वाढतो. आज तब्येत चांगली असताना चार महिने गोळ्या घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटले, आणि आजोबांचे ते वर्ष डोळ्यांसमोर असल्याने या निर्णयात मला जराही शंका नव्हती.

पर्याय दोन होते. आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन या औषधांची आठवड्यातून एकदा मात्रा, एकूण बारा आठवडे. किंवा रिफॅम्पिन रोज, चार महिने. आयसोनियाझिड एकटे सहा किंवा नऊ महिने देण्याची जुनी पद्धतही आहे, पण लहान कालावधीचे उपचार लोक पूर्ण करतात आणि ते यकृतालाही कमी त्रासदायक ठरतात, म्हणून आता त्यांना प्राधान्य दिले जाते. मी रिफॅम्पिन निवडले: ६०० मिलिग्रॅम, म्हणजे ३०० च्या दोन कॅप्सूल, रोज सकाळी उपाशीपोटी. सुरुवातीला यकृताची रक्ततपासणी झाली. एचआयव्हीची तपासणी करणार का, असेही विचारले गेले. २०१० पासून ती ग्रीन कार्डच्या तपासणीचा भाग नाही, पण एचआयव्ही असल्यास क्षयरोगाचा धोका फार वाढतो, म्हणून सुप्त संसर्ग आढळलेल्या प्रत्येकाला ती सुचवतात. मी ती करून घेतली. क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधे यांसाठी मला काहीही पैसे द्यावे लागले नाहीत.

१७ नोव्हेंबरला पहिली मात्रा घेतली. लघवीचा रंग नारिंगी होतो, घाम आणि अश्रूंनाही तो रंग येतो, हे आधीच सांगितले होते, त्यामुळे घाबरले नाही. कॉन्टॅक्ट लेन्स मात्र बाजूला ठेवून चष्मा वापरला, कारण लेन्सवर कायमचा डाग पडतो. पहिले काही दिवस मळमळ झाली, मग थांबली. रिफॅम्पिन इतर अनेक औषधांचा परिणाम कमी करते. गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहता येत नाही, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचे गणित बदलते. मी थायरॉइडची गोळी घेते. सहा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी केल्यावर ती मात्रा तात्पुरती वाढवावी लागली. आपण घेत असलेल्या प्रत्येक औषधाची, आयुर्वेदिक काढ्यांसह, यादी करून पहिल्याच भेटीत द्यावी. डोळे पिवळे होणे, लघवी नारिंगीऐवजी काळपट होणे, अन्नावरची वासना जाणे किंवा पोटाच्या उजव्या बाजूला दुखणे यांपैकी काही झाल्यास गोळी थांबवून लगेच फोन करायचा, असे बजावले होते. मला तसे काही झाले नाही. चार महिन्यांची शेवटची मात्रा १६ मार्च २०२६ ला घेतली.

त्यानंतर क्लिनिककडून एक पत्र घेतले, आणि त्या पत्रात काय हवे हे मी आधीच लिहून नेले होते: नाव आणि जन्मतारीख, रक्ततपासणीचे नाव, तारीख आणि आकडे, एक्स-रेची तारीख आणि निष्कर्ष, औषधाचे नाव आणि मात्रा, उपचार सुरू आणि पूर्ण झाल्याच्या तारखा, आणि डॉक्टरांची सही. याचे कारण असे की उपचारानंतरही ही रक्ततपासणी बहुधा पॉझिटिव्हच राहते. ती उपचार यशस्वी झाला का हे मोजत नाही. उद्या शाळेत, रुग्णालयात किंवा पाळणाघरात नोकरीसाठी क्षयरोगाची तपासणी मागितली, आणि मी पुन्हा रक्त दिले, तर पुन्हा तोच शब्द येईल आणि सगळे चक्र नव्याने सुरू होईल. तेव्हा पुन्हा रक्त न देता हे पत्र दाखवायचे आणि लक्षणे नाहीत एवढी विचारपूस करून घ्यायची, असे क्लिनिकच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पत्र, प्रयोगशाळेचा मूळ अहवाल, एक्स-रेचा अहवाल आणि आय-६९३ ची प्रत हे चारही कागद मी एकत्र ठेवले आहेत. “पॉझिटिव्ह” एवढेच सांगणारा कागद पुरेसा नसतो. आकडे, एक्स-रे आणि उपचार यांच्यासह तो वाचला गेला, तरच त्याचा खरा अर्थ समोरच्याला कळतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडे लिहिते. घरात कुणाला फुप्फुसाचा क्षयरोग झाला, तर राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात घरातल्या इतरांची तपासणी आणि प्रतिबंधक उपचार यांची तरतूद आहे, आणि सरकारी केंद्रात त्यासाठी पैसे पडत नाहीत. पाच वर्षांखालील मुलांना सक्रिय रोग नाही याची खात्री करून, संसर्गाच्या तपासणीची वाट न पाहताही हे उपचार दिले जातात. १९९१ मध्ये मिरजेच्या त्या खोलीत झोपणाऱ्या मुलीची अशी तपासणी कुणी केली नव्हती. आज ती होऊ शकते, म्हणून ती मागून घ्यावी, आणि परदेशी जाण्याची शक्यता असलेल्यांनी त्या उपचारांची नोंद जपून ठेवावी.

आमचे अर्ज अजून प्रलंबित आहेत. वैद्यकीय अहवालाबाबत आजपर्यंत कोणतेही पत्र आलेले नाही. एप्रिलमध्ये मुलींच्या शाळेत मदतनीस म्हणून काम सुरू करताना क्षयरोगाच्या तपासणीचा कागद मागितला गेला. मी क्लिनिकचे पत्र दिले. शाळेच्या परिचारिकेने लक्षणांचे प्रश्न विचारून प्रत काढून घेतली आणि मूळ पत्र मला परत केले.